विदर्भाच्या तलावावर समुद्रपक्षी: ओळखायचा कसा, नोंदवायचा कसा

नागपूरपासून बंगालच्या उपसागराचा जवळात जवळचा किनारा सरळ रेषेत साडेपाचशे किलोमीटरांहून लांब आहे. अरबी समुद्र त्याहून दूर. त्यामुळे भंडाऱ्याच्या किंवा यवतमाळच्या कुणी "धरणावर समुद्रातला पक्षी पाहिला" असं सांगितलं की लोक आधी हसतात. हसणाऱ्यांचं सगळंच चुकतं असंही नाही. अशा बहुतेक बातम्यांमधला पक्षी शेवटी नदी सुरय (रिव्हर टर्न) निघतो, नाहीतर हिवाळ्यात येणारा कुरव (गल). पण एखादी बातमी खरी असते आणि तीच पुराव्याअभावी वाया जाते. पक्षी अर्ध्या तासात उडून जातो. मागे राहतं ते फक्त तुम्ही टिपलेलं आणि लिहिलेलं. हा लेख त्या अर्ध्या तासाबद्दल आहे, आणि त्यानंतरच्या दोन-चार दिवसांबद्दल.

वारं कुठून आलं ते आधी बघा

खोल समुद्रातले पक्षी विदर्भात हौसेने येत नाहीत. चक्रीवादळ किंवा कमी दाबाचा तीव्र पट्टा त्यांना आत ढकलतो. वादळ जमिनीवर आलं की ढिलं पडतं, आणि त्याच्यासोबत वाहत आलेला उपाशी, दमलेला पक्षी खाली जे मोठं पाणी दिसेल तिथे उतरतो. 'गुलाब' चक्रीवादळाचं उदाहरण घ्या. २६ सप्टेंबर २०२१ ला ते आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर कलिंगपट्टणमजवळ धडकलं. त्याचे अवशेष तेलंगणा, विदर्भ, मराठवाडा असे पश्चिमेकडे सरकत गुजरातपर्यंत गेले आणि अरबी समुद्रात पोचल्यावर त्यातूनच 'शाहीन' हे नवं वादळ उभं राहिलं. म्हणजे एका किनाऱ्यावरून निघालेली हवा आपल्या डोक्यावरून दुसऱ्या किनाऱ्याला गेली. अशा वाटेवरचं प्रत्येक धरण त्या आठवड्यात तपासण्याजोगं असतं.

म्हणून पहिली पायरी घरीच होते. जून ते सप्टेंबरमध्ये उपसागरातून येणारे कमी दाबाचे पट्टे आणि ऑक्टोबर ते डिसेंबरमधली चक्रीवादळं, दोन्हींचा मार्ग भारतीय हवामान विभाग नकाशासह जाहीर करतो. तो नकाशा मोबाइलमध्ये जपून ठेवा, पुढे नोंदीला जोडता येतो. वादळ आपल्या जिल्ह्यावरून किंवा जवळून गेलं असेल तर पाऊस ओसरल्याबरोबर, शक्यतो पहिल्याच उजेडात बाहेर पडा. पुढचे दोन-तीन दिवस महत्त्वाचे. त्यानंतर पक्षी परतीच्या वाटेला लागलेला असतो किंवा मेलेला असतो.

कुठे बघायचं, तर मोठ्या पाण्यावर. गोसेखुर्द, इटियाडोह, तोतलाडोह, ऊर्ध्व वर्धा, इरई, बेंबळा, काटेपूर्णा, खडकपूर्णा. नवेगावबांधसारखा जुना मोठा तलावही चालेल. पूर्व विदर्भातल्या लहान बोड्या आणि मामा (माजी मालगुजारी) तलाव वादळानंतर सगळेच तुडुंब असतात, ते एकेक करून पालथे घालायला वेळ पुरत नाही, तेव्हा आधी मोठी धरणं. लोणारचं पाणी खारट, मग समुद्रपक्षी तिथेच उतरेल असं वाटू शकतं. पण त्या पाण्यात मासे सहसा तगत नाहीत, त्यामुळे मासे खाणाऱ्या पक्ष्याला तिथे थांबण्याचं कारण नाही. वैनगंगा, वर्धा आणि पुढे प्राणहिता यांच्या पात्रावर मात्र लक्ष असू द्या. हे पाणी गोदावरीतून उपसागरालाच जातं, आणि परत निघालेला पक्षी मोठ्या नदीच्या कडेने जाण्याची शक्यता बरीच.

सुरक्षेचं एकदाच सांगतो. त्या दिवसांत धरणाची दारं केव्हाही उघडू शकतात, गोसेखुर्दला तर तेहेतीस आहेत. भोंगा वाजला की खालच्या पात्रातून बाहेर या. सांडव्यावर उभं राहू नका, वीज कडाडत असेल तर मोकळ्या पाळीवर थांबू नका. धरणाच्या भिंतीवर बऱ्याच ठिकाणी फोटोला मनाई असते, तिथल्या चौकीदाराला आधी विचारा. त्याच्याशी ओळख झाली तर पुढच्या वेळी तोच तुम्हाला फोन करेल.

पहिली पाच मिनिटं

क्रम पक्का ठेवा: आधी फोटो, मग वही, पुस्तक सगळ्यांत शेवटी.

पक्षी दिसला की जवळ जाण्याचा मोह आवरा आणि आहे तिथूनच फोटो काढायला लागा. पहिले दहा फोटो वाईट येतील, येऊ द्या. कॅमेरा नसेल तर दुर्बिणीच्या एका नळीला मोबाइलची लेन्स टेकवून व्हिडिओ घ्या. हात हलत असेल तर मोटारसायकलच्या सीटवर कोपर टेकवा. उडणाऱ्या पक्ष्याला व्हिडिओच बरा, कारण त्यातून एकेक चौकट नंतर काढता येते आणि उडण्याची ढबही कळते. पुष्कळ समुद्रपक्षी रंगाआधी उडण्याच्या ढबीवरूनच ओळखले जातात.

फोटोत या गोष्टी यायलाच हव्यात: पंखांची वरची बाजू, पंखांची खालची बाजू, पूर्ण उघडलेली शेपटी, आणि डोकं-चोच बाजूने. बसलेला असेल तर पायही. आणखी एक चौकट अशी घ्या की तिच्यात ओळखीचा पक्षी शेजारी येईल. पाण्यातल्या वाळक्या बाभळीवर पाणकावळा बसलेला असेल, तो आकारासाठी उत्तम माप आहे. नुसतं "कावळ्याएवढा" लिहिण्यापेक्षा एका चौकटीतले दोन पक्षी कितीतरी जास्त सांगतात.

मग वही. पुस्तक उघडण्याआधी जे दिसलं ते लिहा, कारण चित्र एकदा पाहिलं की डोळ्यांनी न पाहिलेलं पांढरं कपाळही आठवायला लागतं. ओळख सुचवणाऱ्या ॲपचंही तेच. ती बहुधा तुमचं ठिकाण आणि तारीख धरून यादी लावतात, त्यामुळे गोंदिया जिल्ह्यात उभं राहून समुद्रपक्ष्याचा फोटो दिला तर ती आधी नदीवरचाच पक्षी पुढे करण्याची शक्यता जास्त.

आपल्याकडचेच फसवे

समुद्रपक्षी सिद्ध करायचा तर तो इथला नेहमीचा पक्षी नाही हे आधी सिद्ध करावं लागतं. तुमची नोंद तपासणारा माणूस सगळ्यांत आधी हेच बघेल.

नदी सुरय आपल्याकडे बारमाही. पाठ फिकट राखाडी, चोच ठसठशीत पिवळी, विणीच्या काळात डोक्यावर काळी टोपी, शेपटी लांब आणि खोल दुभंगलेली. पाठ गर्द काळी किंवा तपकिरी दिसली तर नदी सुरय बाद. पण ढगाळ सकाळी, उजेड पक्ष्याच्या मागे असताना, राखाडी पाठही काळी दिसते. सूर्य तुमच्या पाठीमागे येईल अशा जागेवरून पुन्हा एकदा पाहिल्याशिवाय रंगाबद्दल ठाम बोलू नका.

कल्लेदार सुरय हिवाळी पाहुणे. एप्रिल-मेमध्ये जाण्याआधी त्यांचं पोट गडद राखाडी होतं आणि गाल पांढरे राहतात, तेव्हा नवख्याला ते काहीतरी वेगळंच वाटतं. नदी सुरयपेक्षा बरेच लहान, शेपटीला जेमतेम खाच. काळ्या पोटाचा सुरय दिसला, नारिंगी चोच आणि काळं पोट, तर तो समुद्रपक्षी नाही. पण जगभरात धोक्यात आलेला पक्षी आहे, तेव्हा त्याचीही इतकीच काळजीपूर्वक नोंद करा.

तपकिरी डोक्याचा कुरव आणि काळ्या डोक्याचा कुरव हिवाळ्यात मोठ्या जलाशयांवर येतात. त्या दिवसांत त्यांच्या डोक्यावर तपकिरी-काळा रंग नसतो, कानाशी फक्त गडद ठिपका असतो. त्यांना समुद्रपक्षी म्हणणं चूक नाही, पण डिसेंबरात धरणावर ते दिसणं ही दुर्मीळ नोंद नव्हे. ऑगस्टमध्ये दिसले तर नीट बघा.

आणि घार. फ्रिगेटबर्ड हा मोठा समुद्रपक्षी पाहिल्याचा दावा आला की पहिली शंका घारीवर जाते, कारण दोघांची शेपटी दुभंगलेली. घारीच्या शेपटीला उथळ खाच असते आणि शेपटी पसरली की ती खाच जवळजवळ नाहीशी होते. फ्रिगेटबर्डची शेपटी कात्रीसारखी खोल फाटलेली, आणि मिटली की एकच लांब टोक दिसतं. पंख घारीपेक्षा अरुंद, लांब आणि मनगटाशी कोन करून मोडलेले. चोच लांब, टोकाला वाकडी.

शेवटचा फसवा पक्षी सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. घरगुती पाकोळी, पुलाखाली आणि जुन्या इमारतींच्या छताला घरटी चिकटवणारी. काळा पक्षी, ढुंगणावर पांढरा पट्टा, पाण्यावरून भिरभिर उडणारा. विल्सन्स स्टॉर्म पेट्रल या लहानशा समुद्रपक्ष्याचं वर्णनही हुबेहूब असंच होतं. फरक असा: पाकोळीचा गळा पांढुरका, पंख कोयत्यासारखे वाकडे आणि ताठ. पेट्रल पाण्याच्या अगदी लगत, पाय लोंबते ठेवून, पावलं पाण्यावर टेकवत फडफडतो, आणि उडताना पाय शेपटीच्या मागे बाहेर आलेले दिसतात. गळा गडद. आकाराने चिमणीपेक्षा थोडासाच मोठा. "पाय दिसले का?" या एकाच प्रश्नावर अशी नोंद टिकते किंवा पडते.

खरे उमेदवार

वादळानंतर आतल्या भागात सगळ्यांत आधी मनात धरावा तो सूटी टर्न. आकार साधारण नदी सुरयएवढा. पाठ आणि पंख वरून काळेभोर, खालून पांढरे, चोच आणि पाय काळे. याचा जुळा म्हणावा असा ब्रायडल्ड टर्न. दोघांतला फरक डोक्यावर आहे आणि तो बारीक आहे. सूटीचं पांढरं कपाळ रुंद असतं आणि डोळ्यापाशी येऊन संपतं. ब्रायडल्डचं पांढरं अरुंद असतं आणि भुवईसारखं डोळ्याच्या मागे जातं. ब्रायडल्डची पाठ राखाडी-तपकिरी, त्यामुळे काळी टोपी पाठीपासून वेगळी उठून दिसते. सूटीत टोपी आणि पाठ एकच काळी. म्हणूनच डोक्याचा बाजूने घेतलेला फोटो लाखमोलाचा.

सूटीचं पिल्लू पहिल्या वर्षी वेगळंच दिसतं: सगळं अंग गडद तपकिरी, पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी, फक्त पोटाचा मागचा भाग पांढुरका. हे वर्णन माहीत नसेल तर माणूस ब्राउन नॉडी या समुद्रावरच्या तपकिरी सुरयाकडे वळतो. नॉडीची शेपटी पाचरीसारखी, पाठीवर ठिपके नाहीत. सूटीची दुभंगलेली.

सूटी टर्नची पिसं पाण्यात टिकत नाहीत, त्यामुळे तो पाण्यावर तरंगत विसावत नाही. पक्षी बदकासारखा तरंगताना दिसला तर सूटी म्हणण्याआधी थांबा. वाळक्या झाडावर, पाळीवरच्या दगडावर किंवा चक्क धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर तो बसलेला सापडू शकतो. फ्रिगेटबर्डही पाण्यावर बसत नाही.

फ्रिगेटबर्डची नेमकी जात सांगणं अवघड, लहान वयात फारच. पोटावरचा आणि काखेतला पांढरा भाग कुठवर जातो त्यावर सगळं ठरतं, म्हणून खालून जितके फोटो मिळतील तितके घ्या आणि जातीचं नाव तज्ज्ञांवर सोडा. स्कुआ गटातले पक्षी शिकारी पक्ष्यांसारखे भासतात, पंखाच्या बाहेरच्या भागात पांढरी चमक असते आणि सुरयांच्या मागे लागून त्यांच्या तोंडचा मासा हिसकावतात. शिअरवॉटर आणि पेट्रल यांच्या चोचीवर नाकपुड्यांची नळी असते. ती फक्त जवळच्या फोटोत किंवा मेलेल्या पक्ष्यात दिसते, पण दिसली की नदीवरचे सगळे पक्षी एका फटक्यात बाद.

वहीतली नोंद कशी असावी

नमुना म्हणून, समजा गोसेखुर्दच्या पाण्यावर एक पक्षी दिसला, तर टिपण असं असावं:

"सकाळी ७.१० ते ७.३४. पाऊस थांबून दोन तास. ढगाळ, वारा पूर्वेकडून, मध्यम. मी पाळीवर, सूर्याची बाजू पाठीमागे. अंतर अंदाजे ८० मीटर, एकदा ४० पर्यंत आला. ८×४२ दुर्बीण. सोबत दोन नदी सुरय, हा त्यांच्याएवढाच, पंख थोडे अरुंद वाटले. पाठ, पंख वरून पूर्ण काळे, टोपी आणि पाठ यांत फरक दिसला नाही. कपाळ पांढरं, डोळ्याच्या मागे गेलेलं दिसलं नाही (दोनदा पाहिलं). पोट पांढरं. चोच काळी, नदी सुरयपेक्षा बारीक. शेपटी दुभंगलेली, कडा पांढऱ्या. पाण्यावर बसला नाही. तीनदा खाली येऊन पाण्याचा पृष्ठभाग चोचीने टिपला, बुडी मारली नाही. आवाज ऐकू आला नाही. पायांचा रंग दिसला नाही. फोटो २२, व्हिडिओ २."

"दिसलं नाही" हे इथे किती वेळा आलंय बघा. जे दिसलं नाही ते लिहिणारा निरीक्षक तपासणाऱ्याला भरवशाचा वाटतो. उलट पाय, बुबुळ, प्रत्येक पीस, सगळं वर्णन पुस्तकात असतं तसं आलं की शंका येते. सोबत आणखी कुणी पाहिलं असेल तर त्याने स्वतंत्रपणे, तुमचं न वाचता लिहावं. दोन वह्या जुळल्या तर ती नोंद फार भक्कम होते.

फोटोची मूळ फाइल

कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर आहे का ते घरून निघतानाच बघा. मोबाइलमध्ये कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी द्या. फोटोवर तारीख छापणारं ॲप लागत नाही, वेळ आणि जागा फाइलच्या आत आपोआप राहते. मात्र व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि ही माहिती निघून जाते. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा आणि तिला हात लावू नका. उजळ करायची, कापायची तर प्रत काढून. डोकं मोठं करून दाखवणारी कापलेली चौकट सोबत द्यायला हरकत नाही, पण मूळ आधी.

गावात विचारा

पाण्यावर रोज असतो तो ढीवर. पहाटे डोंगा घेऊन जाळं काढायला गेलेल्या माणसाने तो पक्षी तुमच्या आधी पाहिलेला असतो. मारुती चितमपल्ली नवेगावबांधला वनाधिकारी असताना पक्ष्यांची नावं आणि सवयी अशाच माणसांकडून शिकले. विचारताना मात्र फोटो दाखवून "हाच होता ना?" असं विचारू नका, उत्तर "हो" येईल. "नेहमीपेक्षा वेगळं काही दिसलं का काका? कधीपासून? बसत होता का उडतच होता?" असं विचारा आणि त्यांच्याच शब्दांत लिहा. पक्षी कालपासून इथे आहे की आजच आला, हे बहुधा त्यांच्याकडूनच कळतं. मच्छीमार संस्थेच्या सचिवाकडे आणि शाळेच्या मास्तरांकडे तुमचा नंबर असू द्या.

पक्षी जमिनीवर सापडला तर

दमलेला पक्षी शेतात, रस्त्यावर किंवा दिव्याखाली पडलेला मिळतो, आणि नेमकं तेव्हाच प्रेमापोटी त्याचा जीव जातो. त्याला पाण्यात सोडू नका, हवेत फेकू नका. तोंडात पाणी ओतू नका; पोहे, दूध, भात काहीच नको. हवेसाठी भोकं पाडलेल्या खोक्यात जुनं कापड घालून त्यात ठेवा, अंधारात आणि शांत जागी. चोच डोळ्यांपासून लांब धरा. हातमोजे आणि तोंडाला रुमाल हवाच. नागपूरच्या गोरेवाड्यात २०२४ च्या अखेरीस बर्ड फ्लूने वाघ दगावले होते, तेव्हा आजारी पक्षी उघड्या हातांनी हाताळू नये. कोंबड्यांच्या खुराड्याजवळ तर ठेवूच नका.

लगेच वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर किंवा जवळच्या वनरक्षकाला कळवा. नागपूर जवळ असेल तर सेमिनरी हिल्सला वन विभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३९ नुसार असा प्राणी किंवा त्याचं शरीर ताब्यात आलं तर ४८ तासांत कळवणं बंधनकारक आहे. घरी ठेवून "बरा करून सोडतो" हा मार्ग कायद्याने बंद आहे, आणि पक्ष्यासाठीही वाईट.

खोक्यात घालण्याआधी मिनिटभरात चार फोटो: वरून, खालून, डोकं बाजूने, पाय. मेलेला असेल तर पंख आणि शेपटी पसरवून, शेजारी शाळेतली पट्टी ठेवून, चोचीचा आणि पायाच्या पडद्याचा जवळून फोटो घ्या. पायात कडं असेल तर त्यावरचं प्रत्येक अक्षर आणि आकडा लिहा आणि त्याचाही फोटो घ्या. भारतात घातलेल्या कड्यांवर मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं नाव असतं. जिवंत पक्ष्याचं कडं काढू नका.

नोंद कुठे आणि कशी

ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी टाकायचं संकेतस्थळ आणि ॲप) त्या भेटीची पूर्ण यादी टाका, नुसता एक पक्षी नको. त्या सकाळी बाकी काय होतं, किती वेळ बघितलं, किती चाललात, यावरून तुमच्या नजरेचा अंदाज येतो. जागा म्हणून तालुक्याचं नाव न देता नकाशावर नेमकी टाचणी रोवा. दुर्मीळ पक्षी टाकला की ॲप तपशील मागतं. तिथे "फोटो जोडला आहे" एवढंच न लिहिता वहीतलं टिपण तसंच उतरवा, आणि नदी सुरय का नाही, ब्रायडल्ड का नाही, हे दोन ओळींत सांगा. जात पक्की नसेल तर सुरय गटातला अनिश्चित पक्षी म्हणूनही नोंद करता येते. खात्रीच्या अर्ध्या नावाला चुकीच्या पूर्ण नावापेक्षा किंमत जास्त आहे. बर्ड काउंट इंडियाच्या माध्यमातून स्वयंसेवक पुनरावलोकक या नोंदी बघतात. त्यांचा मेल आला की तो अपमान समजू नका, मूळ फोटो पाठवा.

महाराष्ट्र पक्षिमित्र या संघटनेच्या किंवा जिल्ह्यातल्या जुन्या निरीक्षकांना त्याच दिवशी फोन करा, म्हणजे दुसरा कुणीतरी येऊन तोच पक्षी पाहील. नोंद जिल्ह्यासाठी किंवा राज्यासाठी नवी निघाली तर 'इंडियन बर्ड्स' सारख्या नियतकालिकात छोटं टिपण पाठवता येतं. त्यासाठी वादळाचा मार्ग, मोजमापं आणि सगळे फोटो लागतील. वर्तमानपत्राला बातमी द्यायची तर ती नाव पक्कं झाल्यावर, आणि पक्षी अजून तिथेच असेल तर जागा मोघम ठेवून. गर्दी झाली की उपाशी पक्षी दर दहा मिनिटांनी उडवला जातो आणि तो शेवटचा दम तिथेच संपतो.

वादळानंतर दोन-तीन सकाळी धरणावर जाऊन वेगळं काहीच दिसलं नाही, तरी त्या सकाळच्या याद्या टाकाच. पुढच्या वेळी कुणी तिथे काळ्या पाठीचा सुरय पाहिला, तर तो आधीपासून होता की नव्हता हे त्याच याद्यांवरून कळेल.